जुनी उत्तरं शोधून जपायची कशी? बडोद्याच्या एका ताईंच्या प्रश्नाच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्यातल्या एका ताईंनी गेली काही वर्षं क्वोरा या प्रश्नोत्तरांच्या साइटवर मराठीतून भरपूर उत्तरं लिहिली. शेव-उसळ, घरातले कुळाचार, सुरसागर तलावाच्या आसपासचं जुनं बडोदं, असे त्यांचे विषय. त्याच्या कितीतरी आधी याहू आन्सर्स या तशाच, आता बंद पडलेल्या साइटवर थोडं इंग्रजीतही लिहिलं होतं. आता हे सगळं गोळा करून मुलांच्या हाती द्यायचंय, जमलं तर छोटंसं पुस्तक करायचंय. पण प्रोफाइलवर खाली खाली सरकत गेलं की पान मध्येच थांबतं, शेव-उसळीवरचं सविस्तर उत्तर तर सापडतच नाही. म्हणून त्या विचारतात, ‘सगळं एकदम उतरवून घ्यायचं बटण कुठे असतं?’

ताई, बटणाचं सांगतेच. पण नुसत्या बटणावर विसंबलात तर हाती पडेल ते तुमच्या कामाचं नसेल. मी बडोद्यातच जुन्या फॉन्टांत अडकलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत, आणून देण्याचं काम करते. मंडळांच्या स्मरणिका, कुणाच्या आजोबांच्या आठवणी, आणि अलीकडे ऑनलाइन लिहिलेल्या गोष्टीही लोक घेऊन येतात. या कामात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: माणसं उत्तर जपतात आणि प्रश्न टाकून देतात. ‘नाही, त्यात कांदा घालत नाहीत’ असं तुम्ही कुणाला, कशाबद्दल सांगितलं होतं, हे पाच वर्षांनी तुमच्या मुलीला कसं कळणार? म्हणून जे काही जपाल ते प्रश्नासकट जपा.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. उत्तरं चाळीस-पन्नास असतील तर सगळं हातानेच करा, तेच लवकर होतं. पाचशेच्या वर असतील तर घरातल्या कुणाची तरी मदत लागेल. ज्या ईमेलवर किंवा मोबाइल नंबरवर खातं उघडलं तो अजून तुमच्याकडे आहे का, हे सगळ्यात आधी बघा. नंबर बदलला असेल आणि खातं अजून कुठल्यातरी फोनवर उघडं असेल, तर तिथून बाहेर पडण्याआधी नवा नंबर आणि ईमेल नोंदवून घ्या. आणि काही उत्तरं नाव न देता लिहिली असतील तर ती प्रोफाइलखाली दिसणारच नाहीत. ती वेगळी शोधावी लागतील.

आता बटण. बहुतेक मोठ्या साइटवर ‘माझी माहिती द्या’ अशी मागणी करता येते. कुठे ती सेटिंग्जमध्ये गोपनीयतेच्या पानावर असते, कुठे मदत विभागातून लिहून मागावी लागते. मेन्यूंच्या जागा सतत बदलतात, म्हणून नेमकं ‘इथे क्लिक करा’ असं सांगत नाही; मदत विभागात ‘डेटा’ हा शब्द टाकून शोधा. मागणी आजच करून ठेवा, कारण फाइल लगेच मिळत नाही. रेडिट ही चर्चेची साइट तर ३० दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो असं स्वतःच सांगतं. पण अशा फाइलीत मुख्यतः तुम्ही लिहिलेलं असतं, समोरच्याने लिहिलेलं नसतं. याहूने २०२१ साली आन्सर्स बंद करताना हे स्पष्टच सांगितलं होतं: स्वतःचे प्रश्न, स्वतःची उत्तरं आणि चित्रं मिळतील, दुसऱ्यांचा मजकूर मिळणार नाही. म्हणून ही फाइल पडताळणीसाठी ठेवायची, आपल्या यादीतून काय सुटलं ते तिच्यावरून बघायचं.

खरं काम यादीचं. सयाजीरावांनी १९१० साली बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं, तेव्हा पुस्तकं गोळा करण्याइतकंच लक्ष त्यांच्या वर्गीकरणावर दिलं गेलं. तुमच्या उत्तरांचंही तसंच आहे. एकेक उत्तर उघडून सेव्ह करत सुटलात तर आठवडाभराने काय झालं आणि काय राहिलं हेच कळेनासं होतं. आधी गूगल शीटमध्ये यादी करा: तारीख, प्रश्न, दुवा, उत्तराची पहिली ओळ, आणि शेऱ्यासाठी एक रिकामा रकाना. क्वोरावर प्रोफाइलखेरीज ‘तुमचा मजकूर’ अशा अर्थाचं एक वेगळं पान असतं. तिथे फक्त उत्तरं निवडता येतात, वर्ष निवडता येतं, जुन्यापासून नव्याकडे असा क्रमही लावता येतो. प्रोफाइलवर शेकडो उत्तरं एकाखाली एक उघडत गेलं की फोनची दमछाक होते, पान अडकतं ते त्यामुळेच. एकेक वर्ष निवडून पाहिलंत तर तो त्रास बराच कमी होईल, आणि शक्य असेल तर हे काम कॉम्प्युटरवर करा. मराठी आणि इंग्रजी क्वोरा वेगवेगळे नांदतात, म्हणून भाषा बदलून दोन्हीकडे पाहा. रेडिटवर लिहिणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की तिथे प्रोफाइलवर साधारण शेवटच्या हजार नोंदीच दिसतात; त्यामागचं हवं असेल तर फाइलच मागवावी लागते.

तारखेबद्दल थोडं थांबते, कारण इथे हमखास गफलत होते. साइटवर तारखेच्या जागी ‘३ वर्षांपूर्वी’ असं लिहिलेलं असतं. पान तसंच सेव्ह केलंत तर दहा वर्षांनीही त्यावर ‘३ वर्षांपूर्वी’च असेल. कधीपासून तीन, ते कोण सांगणार? त्या शब्दांवर माउस नेला किंवा बोट दाबलं की बहुतेक ठिकाणी खरी तारीख दिसते. तीच यादीत लिहा. नाहीच मिळाली तर आज काय तारीख आहे ते तरी शेऱ्यात टाका, म्हणजे अंदाज बांधता येईल.

आता हरवलेली शेव-उसळ. उत्तर खरोखर उडालं असेल असं मला वाटत नाही. मराठीतला मजकूर शोधताना नेहमी येणाऱ्या अडचणी इथे एकत्र आल्या असाव्यात.

पहिली अडचण लेखनाची. आपण बडोद्याचे लोक कधी ‘शेव’ लिहितो, कधी गुजरातीच्या सवयीने ‘सेव’. मध्ये कधी रेघ देतो, कधी जागा सोडतो, कधी जोडून टाकतो. फोनवर गुजराती कीबोर्ड चालू राहिला म्हणून मराठी वाक्यं गुजराती लिपीत लिहिली गेलेलीही मी पाहिली आहेत, आणि रोमन लिपीतली तर कितीतरी. तेव्हा एकच शब्द चार रूपांत टाकून बघा.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. ‘पुऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला ‘ऱ’, हलन्त आणि पुढे ‘य’ असतो. दुसऱ्या तऱ्हेत साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती वेगवेगळी अक्षरं आहेत. जुन्या फोनवर तर तोच शब्द रफार देऊन ‘पुर्या’ असा उमटलेला असतो. ‘ॲसिडिटी’मधल्या ‘ॲ’चंही तेच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीचे आणि नंतरचेही कितीतरी कीबोर्ड ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवत आले. गूगल यातलं पुष्कळसं सांभाळून घेतं, पण साइटचा स्वतःचा शोध किंवा तुमच्या फाइलीतला शोध घेईलच असं नाही. उपाय सोपा आहे: शोधायला असे शब्द निवडा ज्यांत जोडाक्षर नाही, ‘ऱ’ नाही, ‘ॲ’ नाही. शेव-उसळीच्या उत्तरात ‘वाटाणे’, ‘तरी’, ‘मसाला’, ‘पाव’ हे शब्द असणारच. ‘वाटाणे तरी पाव’ असं शोधा.

तिसरी अडचण, प्रश्नच बदललेला असणं. क्वोरावर प्रश्नाची शब्दरचना मागाहून बदललेली असू शकते आणि सारख्या वाटणारे प्रश्न एकत्र केलेले असू शकतात. तुम्ही ‘बडोद्याची शेव-उसळ आणि पुण्याची मिसळ यांत फरक काय?’ याला उत्तर दिलं असेल, आणि आज ते ‘मिसळीचे प्रकार कोणते?’ या प्रश्नाखाली बसलेलं असेल. आठवणीतल्या प्रश्नावरून शोधून म्हणूनच हाती काही लागत नाही. प्रश्न सोडा आणि उत्तरातलं एखादं खास तुमचं वाक्य आठवा. गूगलमध्ये आधी इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द, त्याला चिकटून अपूर्णविराम, त्याला चिकटून मराठी क्वोराचा पत्ता, मग एक जागा सोडून ते वाक्य दुहेरी अवतरणचिन्हांत द्या. वाक्य नीटसं आठवत नसेल तर अवतरण न देता तीन-चार शब्द आणि जोडीला तुमचं नाव.

एवढ्यानेही सापडलं नाही तर मेलपेटी उघडा. उत्तराला कुणी पसंती दिली, कुणी प्रतिक्रिया लिहिली, की साइट मेल पाठवते. त्यात प्रश्न असतो, दुवा असतो, कधी उत्तराचा तुकडाही असतो. आपण हे मेल न उघडता सोडून देतो, पण ते मेलपेटीत पडून असतात. मेलच्या शोधात साइटचं नाव आणि ‘उसळ’ एवढं टाका. माझ्याकडे आलेल्या पुष्कळ लोकांची हरवलेली उत्तरं याच वाटेने सापडली आहेत.

समजा यादी झाली. आता जतन. लोक सरळ पीडीएफ करतात. पीडीएफ वाचायला, छापून द्यायला उत्तम. पण त्यातून मराठी मजकूर परत उचलायला जाल तर पुष्कळदा फजिती होते: ‘मिसळ’मधली वेलांटी जागा सोडते, जोडाक्षरं फुटतात, काना भलत्याच अक्षराला चिकटतो. पुस्तक करायचं म्हणता, म्हणजे मजकूर पुन्हा वापरायचाच आहे. म्हणून प्रत्येक उत्तराची दोन रूपं ठेवा: एक पीडीएफ, पान जसं दिसत होतं तसं, आणि एक साधी मजकुराची फाइल. पीडीएफ करण्याआधी ‘अधिक वाचा’ दाबून पूर्ण उत्तर उघडा, नाहीतर पहिल्या चार ओळीच छापल्या जातील. साध्या फाइलीत सगळ्यात वर प्रश्न, मग तारीख, मग दुवा, आणि त्याखाली उत्तर. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना एन्कोडिंगच्या (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीच्या) जागी ‘यूटीएफ-८’ आहे ना, हे जरूर बघा. तिथे ‘अॅन्सी’ राहिलं तर देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरतात आणि ती परत अक्षरं होत नाहीत. फाइलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आकडे इंग्रजी, आणि पुढे एक-दोन शब्द. असं नाव दिलं की फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात.

चित्रं वेगळी उतरवून घ्या. मजकूर कॉपी करताना ती बरोबर येत नाहीत. प्रतिक्रियांमधली एखादी चांगली भर असेल, कुणी ‘आमच्याकडे हळदी-कुंकवाला असं करायचे’ असं सांगितलं असेल, तर तीही खाली वेगळी नोंदवा. ती दुसऱ्याची आहे हे मात्र स्पष्ट लिहा.

मागवलेली फाइल येईल तेव्हा घाबरू नका. ती उघडल्यावर मराठीच्या जागी तिरकी रेघ, इंग्रजी ‘यू’ आणि शून्य-नऊने सुरू होणारी चार चिन्हं, अशी रांगच्या रांग दिसू शकते. काही खराब झालेलं नसतं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर त्याच्या युनिकोड क्रमांकाने लिहिलेलं असतं, एवढंच. ती जेसन प्रकारची (नावाच्या शेवटी इंग्रजीत ‘जेसन’ असलेली) फाइल असेल तर फायरफॉक्स ब्राउझरमध्ये ओढून टाका, मराठी वाचता येईल. तक्त्याची सीएसव्ही फाइल असेल तर दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. आधी कोरा तक्ता उघडा, ‘डेटा’मधून फाइल आत घ्या आणि तिथे यूटीएफ-८ निवडा. थेट उघडून चिन्हांचा गोंधळ दिसला आणि तसंच सेव्ह केलंत, तर मात्र मजकूर कायमचा बिघडू शकतो. मूळ फाइलीला हात न लावता तिची प्रत उघडावी, हे उत्तम. फेसबुकवरच्या गटांतही लिहीत असाल तर तिथून माहिती मागवताना जेसन न निवडता एचटीएमएल निवडा. त्यांच्या जेसनमध्ये देवनागरी विचित्र तऱ्हेने मोडते आणि ती जुळवायला जाणकार माणूस लागतो.

इथवरचा क्रम एकदा सांगते: आज खात्याचा ईमेल-नंबर तपासा आणि माहितीची मागणी करा, मग यादी, यादीवरून एकेक उत्तर प्रश्नासकट दोन रूपांत, आणि शेवटी आलेल्या फाइलीशी यादी ताडून बघा.

प्रती किती ठेवायच्या? तीन, आणि त्यांतली एक घराबाहेर. बडोद्यात हे वेगळं सांगायला नको. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरांत शिरलं तेव्हा तळमजल्यावरची कपाटं, कागद, कॉम्प्युटर सगळंच भिजलं. एक प्रत कॉम्प्युटरवर, एक पेन ड्राइव्हवर, आणि तिसरी गूगल ड्राइव्हवर किंवा परगावच्या मुलाकडे. गूगलचं खातं दोन वर्षं वापरलं नाही तर ते काढून टाकलं जाऊ शकतं, म्हणून ज्या खात्यात ठेवाल ते अधूनमधून उघडत राहा. छापील प्रत काढलीत तर ती वरच्या मजल्यावर असू द्या.

राहिलं याहू आन्सर्स. ती सेवा ४ मे २०२१ रोजी बंद झाली आणि आपला मजकूर मागवण्याची मुदत ३० जून २०२१ ला संपली. याहूकडून आता काही मिळणार नाही. तरीही एक वाट उरते. बंद होण्याआधी आर्काइव्ह टीम नावाच्या स्वयंसेवकांनी त्यातली खूप पानं जमा केली आणि ती इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे जुन्या वेबपानांच्या संग्रहात, बघता येतात. अडचण एवढीच की तिथे शब्दावरून शोधून तुमचं उत्तर मिळणार नाही, पानाचा नेमका पत्ता लागतो. आणि तो पत्ता पुन्हा त्या जुन्या मेलांतच असण्याची शक्यता आहे. मेलमध्ये याहू आन्सर्सचा दुवा सापडला की तो अख्खा उचलून वेबॅक मशीनच्या चौकटीत टाका. दुव्यात ‘क्यूआयडी’नंतर आकड्यांची लांब रांग दिसेल. तिचे पहिले आठ आकडे म्हणजे प्रश्न विचारला गेला ते वर्ष, महिना आणि दिवस. पान नाही मिळालं तरी तारीख तुमच्या यादीत भरता येईल. याहूचीच मेलपेटी वापरत असाल तर लगेच उघडून बघा, कारण १२ महिने न उघडलेल्या पेटीतले मेल याहू काढून टाकतं. क्वोराच्या बाबतीत वेबॅक मशीनवर भिस्त ठेवू नका. क्वोराने आपली पानं बराच काळ त्याच्या हाती लागू दिलेली नाहीत. तिथला मजकूर तुमचा तुम्हालाच जपावा लागेल.

पुस्तकाबद्दल. तुमची उत्तरं तुमची आहेत, ती साइटवर लिहिली म्हणून छापायचा हक्क जात नाही. पण प्रश्न दुसऱ्याने विचारलेला असतो आणि प्रतिक्रिया तर नक्कीच दुसऱ्याच्या. पुस्तकात प्रश्न आपल्या शब्दांत मांडा, विचारणाऱ्याचं नाव देऊ नका. प्रतिक्रिया घ्यायची असेल तर त्या व्यक्तीला निरोप पाठवून विचारा. लोक बहुधा आनंदाने हो म्हणतात. उत्तरात नेटवरून घेतलेलं चित्र असेल तर ते पुस्तकातून गाळा आणि आपल्या स्वयंपाकघरात काढलेला फोटो घाला.

शेव-उसळीचं उत्तर ‘वाटाणे तरी पाव’ने सापडलं की नाही, ते इथे खाली लिहा. नाही सापडलं तर त्यातलं आठवेल ते एखादं वाक्य आणि साधारण वर्ष कळवा, मग पुढे कुठे शोधायचं ते बघू.